मागच्या सीटला हात लावायचा नाही

९ नोव्हेंबर

आज गाडी घरी आली आणि गल्लीत कुणाला पत्ताही लागला नाही. ही गाडी आवाजच करत नाही. मी फाटकात येऊन थांबलो तरी रुखमा आपली दोरीवर धुणं टाकत होती. शेवटी हॉर्न वाजवला, तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, ढकलत आनली का काय?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण या बाईनं कशाचं कौतुक म्हणून केलं नाही. तरी नंतर ताट घेऊन आली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं.

गाडी मोठी जपानी आहे, मोतिया पांढरी, दहा वर्षं जुनी. अकोल्याच्या एका कारखानदाराची होती. हायब्रीड म्हणजे अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर. हळू चालली की इंजिन आपोआप बंद पडतं आणि गाडी बॅटरीवर पळते. नवी घ्यायची तर वावर विकावं लागलं असतं. जुनी म्हणून नव्या ट्रॅक्टरच्या पैशात बसली. ट्रॅक्टर घ्यायचाच होता, गोकुळ दोन वर्षं मागं लागला होता. पण ट्रॅक्टर पाहून कुणी मुलगी देत नाही.

गोकुळ आता एकतीस वर्षांचा झाला. बी.एस्सी. ॲग्री आहे, सुपारीचंही व्यसन नाही, दिसायला माझ्यावर गेला आहे. आजवर ज्या ज्या घरी गेलो तिथं पोहे खाल्ले आणि परत आलो. "मुलगा काय करतो?" "शेती." इथं बैठक संपते. माझा मावसभाऊ निवृत्ती सोयरिकी जुळवण्यात पटाईत आहे. तो म्हणाला, "इंद्रभान, पोराले कोनी पाह्यत नाई. दारात काय उभं हाय ते पाह्यतेत." मला पटलं.

गोकुळनं गाडीला एक चक्कर मारली, वाकून टायर पाहिले आणि म्हणाला, "बाबा, हिचे चार टायर बदलले तं एका एकराचं ठिबक येते." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

गाडी ठेवली टिनाच्या मोठ्या खोलीत. तिथं कापूस भरला आहे. भाव वाढेपर्यंत मी कापूस विकणार नाही. पण दुसरीकडं बंद दार कुठं आहे? बाहेर ठेवली तर शेळ्या अंग घासतात. कापूस एका अंगाला सारला आणि गाडी आत घेतली. लक्ष्मीशेजारी लक्ष्मी.

१२ नोव्हेंबर

शेगावहून कारागीर बोलावून मागच्या सीटला मरून मखमल शिवून घेतली. पक्की, चारही बाजूंनी टाके घालून. सीटच्या कडेला एक जाळी आहे, तेवढी उघडी राहिली, तिथं मखमल बसेना. उद्या मुलीकडची मंडळी या सीटवर बसतील, तेव्हा मखमल चुरगळलेली नको. घरात सगळ्यांना बजावलं, मागच्या सीटला हात लावायचा नाही.

संध्याकाळी खोलीचं दार उघडं टाकून, काचा खाली करून, गाडी चालू ठेवून आत बसलो. जुनी गाणी लावली. धूर नाही, आवाज नाही, शेजारी कापसाची गंजी. अर्धा तास फार सुखाचा गेला. आता रोज बसणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

कुठून सुरुवात करू? चिखलीला मुलगी पाहायला गेलो होतो. मी, रुखमा, गोकुळ आणि निवृत्ती. गाडी दारात थांबली तशी आजूबाजूची पोरं गोळा झाली. मुलीचे वडील बाहेर येऊन गाडीकडंच पाहत राहिले. मला वाटलं, जिंकलं.

पोहे आले. मुलगी आली, नाव सांगून गेली. मग तो प्रश्न आला. या वेळी मी तयारीत होतो. म्हटलं, "शेतीच्या जोडीले ॲग्रो बिझनेसचं पाहून राह्यला. एका कंपनीशी बोलनी चालू हायेत." ते म्हणाले, कोणती कंपनी? मला ठसका लागला. गोकुळनं काहीतरी बोलायला हवं होतं. पण हा मुलगा बैठकीत तोंडच उघडत नाही, पोह्यातले शेंगदाणे मोजत बसतो. मी एकट्यानं किती किल्ला लढवायचा?

निघताना गाडी उठेना. डॅशबोर्डची काच काळीठिक्कर, बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. मग सगळं घर धक्का मारायला आलं. मुलीचे वडील, काका, दोन शेजारी, समोरचा पानवाला. गाडी इंचभर हलली नाही. नंतर कळलं की या गाड्या धक्क्यानं सुरू होतच नाहीत, चाकंच आतून बांधलेली असतात. मुलगी खिडकीतून पाहत होती आणि हसत होती. तिचं तरी काय चुकलं? शेवटी एका जीपवाल्यानं वायर लावून गाडी जागी केली.

संकट तिथंच थांबलं असतं तर बरं. बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूरजवळ आलो तर डॅशबोर्डवर एक पिवळा त्रिकोण पेटला, त्यात उद्गारचिन्ह. गाडी खंगल्यासारखी चालू लागली. हायवेवर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथं घातली. धम्मदीप इंगळे नावाच्या माणसाचं. दाराशी बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, ताजा हार. माणसं कोण ते कळलं. पण भर रस्त्यात गाडी आजारी पडल्यावर माणूस निवड करत नाही.

धम्मदीप ट्रकखाली होता. गाडी पाहिली त्याच्या बहिणीनं. पुष्पांजली नाव, खामगावला डिप्लोमा केला आहे. तिनं एक यंत्र जोडलं, त्याच्या पडद्यावर आकडे वाचले आणि म्हणाली, "काकाजी, हिच्यात दोन बॅटऱ्या असतेत. लहानी गेली, ती बदलून देतो. मोठी तापून राह्यली, पन काऊन ते मागची सीट काढल्याबिगर नाई समजनार."

मी म्हटलं, "सीटले हात लावाचा नाई."

ती मखमलीकडं पाहून बरं म्हणाली. तिच्या भावानं ट्रकखालून मान बाहेर काढून मला एकदा नीट पाहून घेतलं.

गाडी तिथंच ठेवून बसनं आलो. एक गोष्ट लिहायची राहिली. बैठकीत मुका बसणारा गोकुळ त्या पोरीशी मात्र अर्धा तास बोलत होता, बॅटरीबद्दल. बोलता येतं म्हणजे त्याला. मग चिखलीला काय झालं होतं?

२० नोव्हेंबर

चिखलीहून निरोप आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

गोकुळ मलकापूरहून गाडी घेऊन आला. नवी लहान बॅटरी, त्रिकोण विझला. संध्याकाळी कापसाशेजारी बसून गाणी ऐकली. माणसानं धीर सोडू नये.

१ डिसेंबर, रविवार

त्रिकोण पुन्हा पेटला! घरात उभ्या गाडीला काय होतं देव जाणे. गोकुळ म्हणाला, मी नेतो मलकापूरला. सकाळी गेला तो दिवेलागणीला आला. मी विचारलं, इतका वेळ? म्हणे, स्कॅन चालू होतं. गॅरेजला जायचं तर निळा शर्ट कशाला घातला होता ते मी विचारलं नाही. ग्रीसचे डाग पडले तर रुखमाच बोलेल त्याला.

११ डिसेंबर

या आठवड्यात दोनदा मलकापूर. एकदा त्रिकोण, एकदा पुढून खडखड. खडखड म्हणजे चाकावरचे रबरी बुश गेले, दोन्ही बाजूंचे. आपल्या रस्त्यांवर गतिरोधक आहेत की बांध आहेत कळत नाही, आणि ही गाडी बुटकी. सुटे भाग मुंबईहून मागवावे लागले. बिल पाहून रुखमाला सांगितलं नाही, पण तिनं खिशातून काढून वाचलंच. म्हणाली, "म्हैस आली असती बाप्पा."

नवल म्हणजे गोकुळ अजिबात कुरकुर करत नाही. टायरच्या किमतीवरून मला बोलणारा पोरगा आता स्वतःहून म्हणतो, "बाबा, ब्रेक बी दाखवून आनतो एकदा." गाडीचा लळा लागला त्याला. मला ठाऊकच होतं, चांगल्या वस्तूची किंमत हळूहळू कळते.

२२ डिसेंबर, रविवार

नांदुऱ्याचं स्थळ होतं. गोकुळ सरळ नाही म्हणाला. "मले नाई जाचं." असा तो कधी बोलत नाही. चिखलीला गाडी बंद पडली त्याची लाज बसली असणार मनात. मी समजूत घातली की गाडी आता बरी आहे. तो म्हणाला, गाडीचं नाही बाबा. मग कशाचं आहे, तर गप्प.

रुखमाला विचारलं, तुला काही बोलला का? ती पिठाचा हात पदराला पुसत हसली. हसण्यासारखं मी काय बोललो?

आणखी एक. गॅरेजवाल्यांना रुखमानं खाराच्या मिरच्यांची बरणी पाठवली, त्या पोरीच्या आईसाठी. आई सिंधूताई, अंगणवाडीत सेविका आहेत. चार दिवसांनी बरणी परत आली ती ज्वारीच्या पापड्यांनी भरून. रिकामं भांडं पाठवू नये ही रीत त्यांच्याकडंही आहे. पण मेकॅनिकशी बरण्यांची देवाणघेवाण मी प्रथमच पाहिली. पापड्या मात्र फक्कड होत्या.

५ जानेवारी, रविवार

पुन्हा त्रिकोण. मी म्हटलं आता पुरे झालं तुमचं मलकापूर. निवृत्तीला घेऊन काल नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. काचेचं ऑफिस, कॉफी, टाय बांधलेला मुलगा. तासाभरानं त्यानं छापील कागद दिला. मोठी बॅटरी पूर्ण बदलावी लागेल, सगळं मिळून अडीच लाख. वर म्हणाला, ब्रेकचा पंपही पुढंमागं जाईल, तो वेगळा.

परतताना निवृत्ती झोपला होता. मी एकटाच त्या त्रिकोणाकडं पाहत गाडी हाकत होतो. खरं लिहायचं तर डोळ्यांत पाणी आलं. गाडीसाठी नाही. गाडी गेली तर माझ्याकडं दुसरी युक्ती नाही. दरवर्षी एक वर्ष वाढतं पोराचं, आणि त्याच्याबरोबरचे सगळे आता लेकरं शाळेत सोडायला जातात.

गाडी विकून टाकायची. अकोल्याचा दलाल निम्म्यात घेईल म्हणाला.

६ जानेवारी

गोकुळला सांगितलं, गाडी विकतो. तो ताटावरून उठला. "बाबा, गाडी इकू नका."

"काऊन बे? तूच म्हनत होता ना, चार टायरमंधी ठिबक येते म्हनून?"

"तवा म्हनलो असन. आता नका इकू. पुष्पांजली म्हनते का बॅटरी खराब नाई. गाडी तिच्याकडं असली का दिवा लागत नाई. आपल्या घरी आली का आठ दिवसांत लागते. तिले घरी येऊन पाहाचं हाय, गाडी कुठी राह्यते ते."

पोराच्या डोळ्यांत मी असा जीव पूर्वी कधी पाहिला नव्हता. माझ्या गाडीवर एवढी माया! मी विरघळलो. म्हटलं, येऊ दे रविवारी.

१२ जानेवारी, रविवार

आज हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

पुष्पांजली आणि धम्मदीप सकाळी मोटरसायकलवर आले. टिनाच्या खोलीचं दार उघडलं आणि ती पोरगी दारातच थांबली. आधी कापूस पाहिला, मग गाडी, मग माझ्याकडं.

"काकाजी, तुमी हिच्यात बसता का इथी? चालू करून?"

म्हटलं हाव, रोज संध्याकाळी, गाणी ऐकतो.

"काचा खाली करून?"

"मंग? हवा पायजे ना."

तिनं गोकुळकडं पाहिलं. गोकुळनं डोक्याला हात लावला. मग ती मला म्हणाली, "आता तरी लावू द्या सीटले हात."

मीच ब्लेड आणून दिलं. मखमलीचे टाके निघाले, सीट निघाली. त्या उघड्या जाळीच्या मागं एक पंखा असतो, मोठी बॅटरी गार ठेवायला. तो आतली हवा ओढतो. तिनं पंखा बाहेर काढला तर पंखा दिसेचना. नुसता कापूस! गादी भरावी तसा दाबून भरलेला. तिनं चिमटीनं ओढला तर पेळूसारखा निघत राहिला. उशीभर निघाला असेल. अडीच लाखांचा रोग म्हणजे माझाच कापूस, भाव वाढायची वाट पाहत बसलेला.

सगळ्यात आधी रुखमा हसली, मग धम्मदीप, मग मी. गोकुळला हसताना पाहून मला वाटलं हा किती महिन्यांनी हसला. मी पुष्पांजलीला विचारलं, आधीच का नाही सीट उघडली? ती म्हणाली, "तुमीच म्हनले होते ना, हात लावाचा नाई. गिऱ्हाइकाची गाडी हाय, जबरदस्ती कशी करनार?" मग खाली बघत म्हणाली, "अन् मले बी वाटलं होतं का सेन्सर असन. तिथं म्या बी चुकली. दोनदा बदलला, त्याचे पैसे वापस करतो."

पैसे परत घेतले नाहीत. चूक कापसाची.

जेवायला थांबवलं. धम्मदीप माझ्याबरोबर ओसरीवर बसला. पुष्पांजलीला रुखमानं आत चुलीपाशी बसवलं आणि तव्यावरची भाकर थेट तिच्या ताटात टाकली. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. मी पाहिलं, आणि काही बोललो नाही. तिला अजून एक भाकर वाढ, एवढं मात्र बोललो, कारण पोरगी सकाळपासून राबली होती.

१६ जानेवारी

कापूस विकला. भाव वाढला नव्हताच. खोली झाडून घेतली. गाडी झकास चालते आहे. रविवारपासून त्रिकोण नाही, खडखड नाही. निवृत्तीला निरोप दिला, नवीन स्थळं पाहा.

२ फेब्रुवारी, रविवार

एक कोडं आहे. गाडी बरी होऊन तीन आठवडे झाले, तरी गोकुळ दर रविवारी मलकापूरला जातो. गाडी न घेता, एसटीनं. विचारलं तर म्हणे, काम होतं. आज येताना संत्र्याच्या झाडांसाठी कसला तरी सेन्सर घेऊन आला, मातीतला ओलावा सांगणारा. पुष्पांजलीनं जोडून दिला म्हणे. गाड्यांची पोरगी झाडांचंही करू लागली. हुशार आहे, धंदा वाढवेल.

५ फेब्रुवारी

निवृत्ती आला होता. चहाला नको म्हणाला तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"इंद्रभान, स्थळं कायची पाहू? तुह्या पोरानं पाह्यलं हाय. साऱ्या मलकापुरात बोभाटा हाय, तुलेच माहीत नाई."

६ फेब्रुवारी

कुणाशी बोललो नाही. जेवलो नाही.

९ फेब्रुवारी

तीन दिवस डोक्यात जे चाललं ते लिहितो, इथं तरी खोटं कशाला. आधी डोळ्यांपुढं आले ते भाऊबंद. चुलतभाऊ दारात पाऊल ठेवणार नाहीत. निवृत्ती तर तेव्हाच तसं बोलून गेला. मग गोकुळचा राग आला, की मी गाडीचे बिघाड मोजत बसलो आणि हा मला खुळ्यात काढत राहिला. मग रुखमाचा राग आला, कारण तिला पहिल्या बरणीच्या आधीपासून माहीत होतं.

तिला म्हटलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुमचं ध्यान त्या दिव्यावर. पोराकडं पाहाले तुमाले येळ कुठी होता?"

मग आठवलं, तीच पोरगी चुलीपाशी बसली होती, तेव्हा मला काही टोचलं नव्हतं. अजून एक भाकर वाढ म्हणालो होतो. तेव्हापासून तिच्यात काय बदललं? काहीच नाही. फक्त लोक काय म्हणतील ते माझ्या कानात शिरलं.

संध्याकाळी गोकुळ वावरातून आला तेव्हा त्याला समोर बसवलं. मी ओरडेन असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. मी एवढंच विचारलं, "हीच काऊन?"

तो पायाची माती खरवडत राहिला. मग म्हणाला, "बाबा, आपन एवढी घरं फिरलो. शेती म्हनलं का लोक उठून पानी आनाले जात. हिनं पहिल्या दिवशी इचारलं, काय करता? म्हनलं शेती. तं तिनं इचारलं, कशाची? आजवर मले कोनी इचारलं नव्हतं बाबा, कशाची म्हनून."

मी उठून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी आणि रुखमा मलकापूरला जाऊन आलो. गोकुळला नेलं नाही. मोठ्यांचं बोलणं आधी झालं पाहिजे.

इंगळ्यांचं घर गॅरेजच्या मागंच आहे. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतीशी पुस्तकांची फळी. मी रामराम म्हटलं, धम्मदीप जयभीम म्हणाला, दोघांचंही भागलं. सिंधूताई समोर बसल्या. बारीक बांध्याची बाई, चष्मा, आवाज अंगणवाडीतला, म्हणजे चढवावा लागत नाही. आम्ही मोठ्या मनानं आलो आहोत, त्यांना आनंदच होईल, असं मी रस्ताभर धरून चाललो होतो. पोहे आले. मी पहिला घास घेतला आणि त्या म्हणाल्या, "माही तयारी नाई."

घास तोंडातच राहिला. आजवर नकार दोन दिवसांनी, निरोपानं यायचा. असा समोरासमोर प्रथमच आला.

"दोन गोष्टी हायेत," त्या म्हणाल्या. "एक तं तुमचे लोक. आज तुमी चांगले बोलता. उद्या तुमच्या भाऊबंदकीत माह्या पोरीचा पेला वेगळा ठेवला तं? मी आयुष्यभर पाह्यलं हाय ते."

 भाऊबंदांची हमी माझ्याजवळ नाही. तसंच सांगितलं. म्हटलं, "त्याईचं नाई सांगू शकत. माह्या घराचं सांगतो."

रुखमा म्हणाली, "माह्या चुलीपाशी बसून तिनं भाकर खाल्ली हाय. तिलेच इचारा ना."

आतून पुष्पांजलीचा आवाज आला, "दोन खाल्ल्या, आई."

सिंधूताईंनी हसू दाबलं. मग चष्मा सारखा केला. "अन् दुसरं. म्या पोरीले शिकवलं ते वावरात द्याले नाई. पोरगा काय करते?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तरी जिभेवर ते सगळं तयार होतं, ॲग्रो बिझनेस, कंपनी, बोलणी. धम्मदीप माझ्याकडं पाहत होता. मला एकदम चिखलीची बैठक दिसली आणि मान खाली घालून शेंगदाणे मोजणारा माझा पोरगा दिसला. तो मुका नव्हता. बाप त्याचं काम लपवतो आहे हे तो ऐकत बसला होता, दर घरी, दर वेळी. 

मी म्हटलं, "शेती करते." मग म्हटलं, "चांगली करते."

आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेना. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी जिभेवर धरवत नाही, त्यात या पोरानं शेततळं खोदून पावसाचं गोडं पाणी साठवलं आणि दोन एकर संत्रा लावला. गाव हसलं. मीही हसलो होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा यानं वाण नदीच्या काठावरून टँकर आणून झाडागणिक बादलीनं पाणी घातलं, हाताला फोड आले तरी. एकूण एक झाड त्याला ओळखू येतं. या वर्षी पहिला बहर धरला आहे. मला ट्रॅक्टर मागितला होता, मी गाडी आणली, तरी उलटून बोलला नाही. हे सगळं मी सांगत सुटलो. इतकं मला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. शेवटी मी पाण्याचा पेला उचलला.

सिंधूताईंनी तांब्यातून माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "एवढं करते पोरगा. मंग तुमी आल्यापासून मान खाली घालून काऊन बसले होते?"

मी मान वर केली. त्यांनी पोह्यांवर आणखी शेव घातली. निघताना म्हणाल्या की होकार नाही देत आज. पुढच्या रविवारी येते. घर पाहायचं नाही, वावर पाहायचं. आणि पोरगी गॅरेज सोडणार नाही, कुठंही राहिली तरी. मी म्हटलं, ती सोडते म्हणाली असती तर मीच नको म्हणालो असतो, माझी गाडी कोण पाहील?

भाऊबंदांचं काय करायचं ते अजून ठाऊक नाही. उद्या सकाळी थोरल्या चुलतभावाकडं स्वतः जाणार आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याच्या कानावर जायला नको. शिव्या देईल, देऊ दे.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. गोकुळ ओट्यावर बसला होता, उठून उभा राहिला. रुखमानं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, सिंधूताई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, रविवारी कोण येणार. आता हा पुष्पांजलीचं विचारेल, असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, तुमी खरंच म्हनले? चांगली करते म्हनून?"

"हाव," मी म्हटलं. "म्हनलो."

तो तळ्यावरची मोटर चालू करून येतो म्हणाला आणि वावराकडं निघून गेला. या आठवड्यात आमच्या वावरात वीज मध्यरात्रीनंतर येते, संध्याकाळी मोटर चालत नाही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी त्याला अडवलं नाही.